मैनपुरीची तारकशी : जडाव की रेखन?

१

मराठी समीक्षेत ‘जडावकाम’ हा शब्द गौरवासाठी क्वचितच योजिला जातो. एखाद्या लेखकाची भाषा उपमा-उत्प्रेक्षांनी लगडलेली वाटली, की तिला ‘जडावाची’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. या शब्दप्रयोगामागे एक कल्पना गृहीत धरलेली असते. ती अशी, की मूळ वस्तू आधीच सिद्ध असते, तिच्यावर मागाहून काही मोलवान तुकडे बसविले जातात, आणि हे तुकडे काढून घेतले तरी मूळ वस्तूला काही होत नाही. ही कल्पना सोनाराच्या दुकानातून आलेली आहे. तेथे हिरा आणि कोंदण यांचा संबंध खरोखरच असा असतो. हिरा एका कोंदणातून काढून दुसऱ्यात बसविता येतो. मोल हिऱ्याचे असते आणि कोंदण त्याच्या सेवेला असते.

परंतु एका पदार्थात दुसरा पदार्थ बसविण्याच्या सर्व कला एकाच जातीच्या आहेत असे मानणे बरोबर नाही. उत्तर प्रदेशातील मैनपुरी येथे लाकडात पितळेच्या बारीक पट्ट्या ठोकून नक्षी काढण्याची जी कला आहे, ती ‘तारकशी’ या नावाने ओळखली जाते. संग्रहालयांतील वर्णनपत्रांत आणि हस्तकलांविषयीच्या लेखनात तिची गणना बहुधा जडावातच केली जाते, आणि मग तिचे मूल्यमापनही जडावाच्याच मापाने होते. धातू किती वापरला, पृष्ठभाग किती भरला, काम किती ‘श्रीमंत’ दिसते, हेच विचारले जाते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू हे माप चुकीचे आहे असे दाखविण्याचा आहे. तारकशी हे जडावकाम नसून रेखन होय. हा भेद केवळ नावाचा नाही. कोणते काम चांगले व कोणते सामान्य, हा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

२

प्रथम कृती पाहिली पाहिजे, कारण येथे सौंदर्याचा प्रश्न कृतीपासून वेगळा करता येत नाही.

मैनपुरीच्या कामाला लाकूड लागते ते शिसमाचे. मराठीतील ‘शिसव’ आणि हिंदीतील ‘शीशम’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘शिंशपा’शी नाते सांगतात. मात्र दक्षिणेकडील शिसव आणि उत्तरेकडील शिसम ही झाडे एकाच कुळातील दोन भिन्न जातींची आहेत. शिसमाचे लाकूड घट्ट, जड आणि गर्द तपकिरी असते. गर्द रंगामुळे पितळेची रेषा उठून दिसते, हे कारण सहज ध्यानात येते. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे, की हे लाकूड धातूला धरून ठेवते. मऊ लाकडाच्या चिरेचे काठ ठोकताना चुरडतात, आणि ठिसूळ लाकडाच्या चिरेचे काठ उडतात. शिसमाचे काठ दाबले जातात आणि दाब सहन करून पट्टीला कवटाळतात.

नक्षी प्रथम लाकडावर उतरविली जाते. मग तिच्या रेषांवरून धारदार हत्याराने अरुंद, खोल चीर पाडली जाते. या चिरेत बसविली जाते ती वस्तुतः गोल तार नव्हे. पितळेच्या पातळ पत्र्यातून कातरून काढलेली ती चपटी पट्टी असते, आणि ती आडवी न ठेवता धारेवर उभी धरली जाते. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला केसासारखी रेषा दिसते, पण लाकडाच्या आत तिची रुंदी खोलवर गेलेली असते. हलक्या हातोडीने ती थोडी थोडी आत ठोकीत नेतात. जेथे नक्षी वळते तेथे पट्टीही बोटांनी किंवा चिमट्याने वळवावी लागते. शेवटी वर राहिलेली धार कानशीने घासून लाकडाच्या पातळीवर आणतात, आणि मग घासकाम व तेलपाणी होते. पट्टी धरून ठेवण्याचे काम येथे लाकडाच्या दाबाने होते, सरसाने नव्हे.

नक्षीतील ठिपके हा या कामाचा सर्वांत लक्षणीय भाग होय. दुरून पाहता ते पितळी खिळ्यांच्या डोक्यांसारखे भासतात. जवळून पाहिले म्हणजे कळते, की प्रत्येक ठिपका हे बारीक पट्टीचे घट्ट गुंडाळलेले वेटोळे आहे, आणि ते लहानशा भोकात ठोकून बसविलेले आहे. भरीव खिळा ठोकणे कितीतरी सोपे झाले असते. तरीही कारागीर वेटोळे करतो, कारण या कलेत बिंदूदेखील रेषेचाच बनलेला असतो. तारकशीच्या स्वरूपाविषयी एवढी एकच गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

आणखी एक गोष्ट लाकडाच्या स्वभावाची. लाकूड हवेतील ओल घेते व सोडते आणि त्याप्रमाणे फुगते व आकसते. हे फुगणे-आकसणे रेशांच्या दिशेने जवळजवळ नसते, पण रेशांना आडवे मात्र ते लक्षात येण्याजोगे असते. पितळेवर ओलीचा असा परिणाम होत नाही. म्हणून रेशांना आडवी अशी लांब सरळ पट्टी बसविली, तर लाकूड आकसताच तिला आत जागा अपुरी पडते आणि ती मधूनच उचलली जाते. तीच लांबी वळणावळणाने घेतली, किंवा लहान तुकड्यांत विभागली, तर हा ताण ठिकठिकाणी वाटला जातो. वेलीची वळणे, सर्पिल आकार आणि ठिपक्यांच्या रांगा यांना या कलेत जे प्राधान्य आहे, त्याचे सारे श्रेय परंपरागत अभिरुचीला देणे म्हणूनच पुरेसे नाही. लाकडाच्या स्वभावाचीही त्यात संमती आहे. कारागीर लाकडाच्या विरुद्ध जाऊन काही काढू लागला, तर ते काम एकदोन पावसाळ्यांतच त्याची चूक दाखवून देते.

३

आता शब्दाकडे वळावे. ‘तारकशी’ हा फारसी घडणीचा समास होय. ‘कशीदन्’ म्हणजे ओढणे, आणि त्यापासून ‘कश’ म्हणजे ओढणारा. आरा ओढणारा तो आराकश, मेहनत ओढणारा तो मेहनतकश. या न्यायाने तारकश म्हणजे तार ओढणारा, आणि तारकशी म्हणजे जंत्रीच्या भोकांतून धातू ओढून त्याची तार काढण्याचा धंदा. पुण्याच्या जुन्या जरकामात हा अर्थ अगदी रोकडा होता. तेथे सोन्यारुप्याची बारीक तार ओढणाऱ्याला तारकशी म्हणत, आणि ती ठोकून चपटी करणारा चापड्या हा निराळा कारागीर असे.

ओरिसातील कटक येथे हाच शब्द आणखी निराळ्या कलेचे नाव आहे. रुप्याच्या तारा वळवून आणि एकमेकींना डाख देऊन जाळीदार दागिने करण्याचे काम तेथे ‘तारकशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या कामात तारेच्या मागे कसलीच भूमी नसते. रेषांमधून आरपार दिसते. बिदरच्या कामात मात्र हा शब्द मैनपुरीच्या अर्थाजवळ येतो. जस्ताच्या मिश्र धातूत रुप्याची तार बसविली म्हणजे ती तारकशी, आणि पत्र्याचे तुकडे बसविले म्हणजे ते तहनिशान, असा भेद बिदरी कारागिरांच्या परिभाषेत आहे.

एकच शब्द, आणि त्याचे इतके अर्थ. त्यात मैनपुरीची अडचण विशेष आहे, कारण तेथे तार ओढलीच जात नाही. ती पत्र्यातून कातरली जाते. मग या कलेचे नाव चुकले आहे असे म्हणावे काय? भाषेच्या अभ्यासकाला असा निष्कर्ष काढण्याची घाई करता येत नाही. शब्दाच्या उगमातील अर्थ हा त्याच्या आजच्या वापरावर बंधनकारक नसतो, हे तर खरेच. परंतु येथे उगमाकडेच पुन्हा एकदा पाहिले, तर एक वेगळी वाट दिसते. ‘कशीदन्’चा अर्थ केवळ ताणून ओढणे एवढाच नाही. रेषा काढणे, चित्र रेखाटणे, असाही त्याचा वापर आहे. मराठीत रूढ झालेला ‘कशिदा’ हा शब्द याच धातूपासून आलेला आहे. कशिद्यात दोरा ओढला जातो हे खरे, पण त्या ओढलेल्या दोऱ्याने कापडावर आकृती रेखाटली जाते हेही तितकेच खरे आहे. मराठीत ‘ओढणे’ या क्रियापदाला हीच दुहेरी शक्ती आहे. ‘तार ओढली’ असे म्हणता येते आणि ‘रेघ ओढली’ असेही म्हणता येते. पहिल्या वाक्यात जी वस्तू ओढली जाते ती आधीपासून असते. दुसऱ्या वाक्यात ती ओढण्यामुळेच अस्तित्वात येते.

मैनपुरीची तारकशी या दुसऱ्या अर्थाने कशी आहे. तेथे तारेची रेघ लाकडात ओढली जाते. ज्यांनी हे नाव प्रथम दिले त्यांच्या मनात हाच अर्थ होता असा दावा येथे नाही. तसा दावा करण्यास आधार पाहिजे. येथे म्हणावयाचे आहे ते एवढेच, की नावात ही शक्यता आहे आणि वस्तू तिला दुजोरा देते. वेटोळ्याचा ठिपका हा त्या दुजोऱ्याचा सर्वांत बोलका पुरावा होय.

४

हा भेद मान्य केला, की अलंकाराविषयीच्या एका जुन्या वादाकडे या कलेच्या आधाराने पाहता येते. मम्मटाने उपमादी अलंकारांना हार वगैरे आभूषणांची उपमा दिली. अंगावर घातलेला हार अंगाच्या द्वारा व्यक्तीची शोभा वाढवितो, पण हार म्हणजे अंग नव्हे. उलट कुंतकाच्या मते अलंकार आणि अलंकार्य यांचा भेद हा विवेचनाच्या सोयीसाठी केलेला आहे, आणि काव्य म्हणून जे अस्तित्वात येते ते अलंकारासहितच येते. मराठी समीक्षेत ‘जडावकाम’ हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, तो अर्थ मम्मटाच्या हाराशी जुळणारा आहे. तारकशीचा दाखला कुंतकाच्या बाजूने पडतो.

मराठीच्या व्याकरणातील एका अगदी परिचित गोष्टीने हे स्पष्ट करता येईल. ‘लाकूड’ या शब्दाला ‘च’ हे अव्यय जोडले, तर ‘लाकूडच’ होते. ‘च’ काढून घेतला, की ‘लाकूड’ जसेच्या तसे उरते. परंतु ‘ला’ हा प्रत्यय जोडला, तर ‘लाकडाला’ होते, आणि ‘ला’ काढला असता उरते ते ‘लाकडा’. मूळ शब्दातील ऊकार नाहीसा झालेला असतो आणि शेवटी एक आकार आलेला असतो. सामान्यरूप म्हणतात ते हेच. प्रत्यय लागावा म्हणून शब्दाने स्वतःत बदल करून घेतलेला असतो, आणि प्रत्यय गेला तरी त्या बदलाची खूण राहते. हार हा ‘लाकूडच’च्या जातीचा आहे आणि तारकशी ‘लाकडाला’च्या जातीची. पितळेची पट्टी उपसून काढली, तर हाती येते ते पूर्वीचे शिसम नव्हे. चिरांनी भरलेले, कोणाची तरी वाट पाहत असलेले असे ते लाकूड असते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की पेटी किंवा खडावा आधी तयार होते आणि नक्षी मागाहून होते, तेव्हा नक्षी बाहेरून आलेलीच म्हटली पाहिजे. या आक्षेपात घडण्याचा क्रम आणि घडलेल्या वस्तूतील अंगांचा संबंध यांची गल्लत आहे. व्याकरणातही प्रकृती आधी आणि प्रत्यय मागाहून सांगितला जातो, पण म्हणून ‘लाकडाला’ हे रूप बोलणाऱ्याच्या तोंडी दोन हप्त्यांत येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आनंदवर्धनाने रसपर काव्यातील अलंकाराला अशी कसोटी लावली, की तो वेगळ्या प्रयत्नाशिवाय सिद्ध झाला पाहिजे. तारकशीत तर वेगळा प्रयत्न उघड आहे. तो दिवसेंदिवस चालतो. येथे मान्य केले पाहिजे, की काव्य आणि कारागिरी यांची तुलना या ठिकाणी थांबते. हस्तकलेत प्रयत्न लपविता येतो, टाळता येत नाही. मात्र तो प्रयत्न कोठे मुरला आहे, हे पाहता येते. चांगल्या कामावरून बोट फिरविले तर लाकूड कोठे संपले आणि पितळ कोठे सुरू झाले हे स्पर्शाला कळत नाही. ते केवळ डोळ्यालाच कळते. वेगळा प्रयत्न वेगळा न उरणे ही हस्तकलेपुरती अपृथग्यत्नाची अवस्था मानण्यास हरकत नसावी.

५

ही कसोटी हाती घेऊन मैनपुरीच्या कामातील एका मोठ्या स्थित्यंतराकडे पाहिले पाहिजे. ही कला पूर्वी प्रामुख्याने खडावांवर आणि कलमदानांसारख्या लहान वस्तूंवर होत असे. कातडे अशुद्ध मानल्यामुळे पूजाअर्चेच्या व स्नानाच्या वेळी लाकडी खडावा वापरीत, आणि त्यांवर ही नक्षी असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष तिच्याकडे गेले. त्यांत फ्रेडरिक सॅल्मन ग्राउज यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मथुरा जिल्ह्याचा वर्णनग्रंथ आणि ‘रामचरितमानसा’चे इंग्रजी भाषांतर यांमुळे ते प्रसिद्ध आहेत. १८८८ साली त्यांनी भारतीय कलांना वाहिलेल्या एका इंग्रजी नियतकालिकात तारकशीवर स्वतंत्र लेख लिहिला. भरताने सिंहासनावर ठेवलेल्या पादुकांची कथा ज्याने ओळीओळीने भाषांतरित केली, त्याचेच लक्ष मैनपुरीच्या खडावांकडेही जावे, हा योग मनोज्ञ आहे. त्यांच्यासारख्यांच्या प्रोत्साहनाने पेट्या, ताटे, चौकटी आणि दिवाणखान्यातील इतर सामान यांकडे ही कला वळली.

या उपकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खडावांचा वापर पुढे ओसरत गेला, आणि केवळ त्यांवर अवलंबून राहिलेली कला टिकणे अवघड होते. परंतु समीक्षेने उपकाराबरोबर किंमतही मोजली पाहिजे. खडावेवरील नक्षीवर माणसाचा तळवा प्रत्यक्ष पडतो. एक पट्टी जरी केसभर वर आली, तरी ती पायाला कळते. पाण्याने लाकूड फुगते आणि पट्टीला अधिक घट्ट धरते, वाळले की पुन्हा सैल होऊ पाहते. म्हणजे खडावा वापरणारा दररोज त्या कामाची परीक्षा घेत असतो. शिवाय खडावेची जागा अरुंद व वळणदार असते आणि नक्षीला ती पाळावी लागते. भिंतीवर टांगलेल्या चौकटीला यांपैकी कोणतीच परीक्षा द्यावी लागत नाही. तिची परीक्षा केवळ डोळा घेतो, आणि डोळा चकाकीने लवकर फसतो.

म्हणून नव्या वस्तूंबरोबर जो मोह येऊ शकतो, तो दाटीचा नव्हे. जुने कामही दाट असे. वेली, जाळ्या, ठिपके यांनी ते भरलेले असे. मोह आहे तो रेषेचे क्षेत्र करण्याचा. हत्तीची झूल किंवा मोराचे अंग दाखवायचे आहे, तर तेथे पितळेचा अखंड तुकडा बसविला, की काम लवकर होते आणि पितळही अधिक दिसते. बिदरी परिभाषेत हे तारकशी राहत नाही, ते तहनिशान होते. तहनिशान ही हीन कला आहे असे नव्हे. ती दुसरी कला आहे, आणि तिचे न्याय दुसरे आहेत. तारकशीत झुलीचे क्षेत्र सुचविले जाते ते सर्पिलांच्या आणि वेटोळ्यांच्या दाटीने, आणि त्या दाटीतही प्रत्येक दोन रेषांमध्ये शिसमाचा गर्द रंग जिवंत राहतो. मधले लाकूड हे तेथे रिकामे राहिलेले नसते, राखलेले असते. दोन काळ्या रेघांमधला कोरा कागद जसा चित्राचा भाग असतो, तसे ते असते. धातूचे वजन वाढते तसे हे राखलेले लाकूड नाहीसे होते. जडावाच्या मापाने अशी वस्तू अधिक श्रीमंत ठरेल, पण रेखनाच्या मापाने ती अधिक गरीब आहे.

येथे हेही ध्यानात घेतले पाहिजे, की पितळ हा काही मोलवान धातू नव्हे, आणि एका पेटीला तो लागतोही थोडा. हिऱ्याप्रमाणे त्याच्यापाशी स्वतःचे मोल नाही. लाकडातून काढलेली पट्टी ही केवळ वाकडीतिकडी मोड होय. तिचे सारे मोल ती कोठे वळली यात होते.

६

हा प्रश्न आज केवळ शास्त्रीय राहिलेला नाही. २०१८ साली सुरू झालेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत उत्तर प्रदेश शासनाने मैनपुरीसाठी तारकशीची निवड केली. २०२३ साली मैनपुरीच्या तारकशीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. पुढच्याच वर्षी कटकच्या रुप्याच्या तारकशीलाही ती मिळाली. एकच शब्द आता दोन भिन्न कलांचे, दोन भिन्न प्रदेशांत कायद्याने रक्षण करीत आहे. अशा नोंदणीने नाव आणि गाव यांचा संबंध सुरक्षित होतो, आणि दुसऱ्या गावचा माल त्या नावाने विकण्यास अटकाव होतो. कारागिराच्या पोटाच्या दृष्टीने हे थोडे नाही.

परंतु नावाच्या आत काय असावे, हे ठरविण्याचे काम कायदा एकटा करू शकत नाही. समजा, चीर हाताने न पाडता लेझरने जाळून काढली. जळालेल्या काठांना दाबून धरण्याची शक्ती उरत नाही, म्हणून पट्टी चिकटवावी लागेल. काम मैनपुरीतच झालेले असेल, लाकूड शिसमाचे असेल, धातू पितळच असेल, आणि दिसण्यात फारसा फरकही नसेल. जडावाच्या व्याख्येत अशी वस्तू बिनबोभाट बसते, कारण एका पदार्थात दुसरा बसला आहे. रेखनाच्या व्याख्येत ती बसत नाही, कारण तेथे लाकडाने रेषेला धरलेले नाही. पट्टी काढली तर डिंकाचा थर तेवढा निघेल. ते ‘लाकूडच’ झाले, ‘लाकडाला’ नव्हे.

म्हणून या कलेविषयी लिहिणाऱ्यांनी, संग्रहालयांत तिची वर्णनपत्रे तयार करणाऱ्यांनी आणि तिच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहणे अगत्याचे आहे. पट्टी लाकडाच्या दाबाने धरलेली आहे की डिंकाने, ही पहिली. बिंदू आणि क्षेत्र रेषेनेच साधले आहे की पत्र्याच्या तुकड्याने, ही दुसरी. आणि रेषांमधले लाकूड राखले गेले आहे की केवळ उरले आहे, ही तिसरी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची परीक्षा हाताने व भिंगाने होऊ शकते. तिसरीला अभिरुचीची गरज आहे, आणि ती घडविणे हे समीक्षेचे काम आहे.

मराठी समीक्षेपुरते बोलायचे, तर ‘जडावकाम’ हा दूषणवाचक शब्द तिने टाकून द्यावा असे नाही. हारासारखे अलंकार भाषेत असतात, आणि त्यांना काही नाव हवेच. मात्र एखाद्या लेखकाची उपमा दोषास्पद ठरविण्यापूर्वी ती काढून पाहावी. वाक्य पूर्वीसारखे अखंड उरले, तर तो जडाव होता. वाक्यात चीर उघडी पडली, तर ती तारकशी होती.